इस्त्रीसाठी वरात थांबली!

कोड नीटनेटका करणारं एक छोटंसं टूल. ते रुसलं तर अख्खं इन्स्टॉलेशन थांबवायचं, की त्याला तिथंच सोडून पुढे जायचं? प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. साताऱ्यातल्या एका ताईला आणि सांगलीतल्या तिच्या भावाला विचारा!

स्थळ : सांगलीतल्या एका पतसंस्थेचं ऑफिस, पंखा फुल स्पीडवर.

वेळ : मंगळवार, २९ मार्च २०२२, संध्याकाळचे साडेसहा.

पात्रं : घामाघूम झालेला एक तरुण, त्याचा लॅपटॉप, पतसंस्थेचे मॅनेजर, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला साताऱ्यात गोडोलीच्या घरी बसलेली त्याची मावसबहीण.

'ताई, परत तिथंच अडकलं.'

'शेवटची ओळ वाच.'

'इम्पोर्ट एरर. कॅनॉट इम्पोर्ट नेम अंडरस्कोर युनिकोडफन फ्रॉम क्लिक.'

'युनिकोड?'

'हो ना! मी मघापासून तेच सांगतोय. शाखांची नावं मराठीत टाकायलाच नको होती!'

आता ज्यांनी कधी पतसंस्थेत पाऊल टाकलंय त्यांना २९ मार्च म्हणजे काय, हे सांगायला नको. वर्षअखेर. त्यात २८ आणि २९ मार्चला देशभरातल्या कामगार संघटनांचा दोन दिवसांचा संप होता, बऱ्याच सरकारी बँकांचं कामकाज त्यात अडकलेलं. म्हणजे पतसंस्थेच्या काउंटरवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी. आणि अशा मुहूर्तावर हे दोघं बहीणभाऊ तिथे पिग्मीच्या पावत्यांचं नवं सॉफ्टवेअर बसवायला निघालेले! ३१ तारखेच्या आत चालू करून देऊ, असा शब्द दिलेला. पिग्मी एजंट दिवसाची वसुली घेऊन बाकावर बसलेत, आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा महापूर.

भावानं मग जे केलं ते आज सांगताना तोही हसतो. 'युनिकोड' हा शब्द दिसला म्हणून त्यानं सगळ्या शाखांची मराठी नावं खोडून इंग्रजीत टाइप केली. दोन तास गेले. परत स्क्रिप्ट चालवली. परत तीच ओळ!

रात्री सव्वादहाला ताईच्या लक्षात आलं, की भानगड मराठीची नाही, डेटाबेसची नाही, सॉफ्टवेअरचीसुद्धा नाही. रुसलाय तो फॉर्मॅटर. तिनं फोनवरून स्क्रिप्टमधली एक ओळ खोडायला सांगितली. सहा मिनिटांत इन्स्टॉलेशन पूर्ण. मॅनेजरसाहेबांनी थंडगार झालेला चहा परत गरम करून मागवला. झालं!

(दोघांचीही नावं इथे नाहीत. 'छापलीस तर बघ' अशी तंबी आहे, आणि ताईची तंबी मी सिरियसली घेते.)

हा फॉर्मॅटर म्हणजे नेमकं काय?

प्रोग्रॅमर मंडळींनो, पुढचे दोन परिच्छेद गाळलेत तरी चालेल. बाकीच्यांसाठी सांगते. कोड लिहिताना कुणी ओळीच्या आधी चार स्पेस सोडतो, कुणी टॅब मारतो. कुणाला कंस त्याच ओळीत हवा असतो, कुणाला पुढच्या. मशीनला बहुतेक वेळा त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, माणसांची मात्र त्यावरून भांडणं होतात. मिसळीत पाव की ब्रेड, या लेव्हलची! फॉर्मॅटर हा त्यावरचा तोडगा. तो सगळ्यांचा कोड एकाच पद्धतीनं मांडून देतो. गो या भाषेसोबत गोफम्ट २००९ पासूनच येतो. जावास्क्रिप्टवाल्यांना २०१७मध्ये प्रिटिअर मिळाला, आणि पायथनवाल्यांना २०१८मध्ये ब्लॅक. ब्लॅक स्वतःला तडजोड न करणारा फॉर्मॅटर म्हणवतो. हेन्री फोर्ड म्हणे गाडी कुठल्याही रंगात द्यायचा, फक्त तो रंग काळा हवा. ब्लॅक हे नाव त्यावरूनच आलेलं.

ताईची उपमा सोपी आहे. कोड म्हणजे शर्ट आणि फॉर्मॅटर म्हणजे इस्त्रीवाला. इस्त्री केलेला शर्ट छानच दिसतो, त्याबद्दल वाद नाही. पण इस्त्रीवाला आला नाही म्हणून वरात थांबवतो का आपण?

सांगलीत नेमकी वरातच थांबली होती. त्यांची इन्स्टॉल स्क्रिप्ट शाखेचं नाव, पत्ता, पावतीचा क्रमांक कुठून सुरू करायचा अशी माहिती विचारायची आणि त्यातून पायथनची एक सेटिंग फाइल तयार करायची. मशीननं तयार केलेली ती फाइल दिसायला गबाळी. म्हणून ताईनं हौसेनं पुढे एक ओळ टाकलेली, 'हिच्यावर ब्लॅक फिरव'. आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर होतं 'सेट मायनस ई'. शेलच्या भाषेत याचा अर्थ, कुठलीही कमांड फेल झाली की जागच्या जागी थांब. एरवी ही सवय चांगलीच. पण त्या स्क्रिप्टच्या दृष्टीनं डेटाबेस कोसळणं आणि इस्त्री न होणं ही दोन्ही सारखीच संकटं. थांबायचं म्हणजे थांबायचं.

त्या सोमवारी जगभर वाट लागली होती

गंमत म्हणजे त्या दिवशी सांगली एकटी नव्हती. ब्लॅक आपल्या कमांडमधले पर्याय वाचायला क्लिक नावाची लायब्ररी वापरतो. २८ मार्च २०२२ला क्लिकची ८.१.० ही आवृत्ती आली आणि तिच्यातून 'अंडरस्कोर युनिकोडफन' हा तुकडा काढून टाकलेला होता. जुन्या पायथनमध्ये मशीनची भाषेची सेटिंग नीट नसेल तर मजकुराचा घोटाळा व्हायचा. तो तपासायचं काम या तुकड्याकडे होतं. नव्या पायथनमध्ये त्याची गरज उरली नव्हती.

पायथनमध्ये नावाच्या आधी अंडरस्कोर असला की त्याचा अर्थ, 'हा आमचा घरातला मामला आहे, बाहेरच्यांनी हात लावू नये'. ब्लॅकनं हात लावलेला होता. शेजाऱ्याच्या मागच्या दारानं जायची सवय झाली, आणि एके दिवशी शेजाऱ्यानं तिथे भिंत घातली. शेजाऱ्याची चूक म्हणायची का? परिणाम असा झाला, की जिथे जिथे ब्लॅक नव्यानं इन्स्टॉल होत होता तिथे तो उघडतानाच कोसळायला लागला. कोडमध्ये एका अक्षराची चूक नसताना कित्येक टीम्सचे बिल्ड लाल!

ब्लॅकवाल्यांनी त्याच दिवशी २२.३.० ही दुरुस्त आवृत्ती काढली. मग मंगळवारी संध्याकाळी सांगलीत का अडलं? कारण ताई शिस्तीची! तिनं स्क्रिप्टमध्ये ब्लॅकची आवृत्ती ठोकून ठेवली होती, जानेवारीतली २२.१.०. उद्या नव्या आवृत्तीनं गोंधळ घातला तर, या भीतीनं. पण ब्लॅक ज्याच्या खांद्यावर उभा आहे त्या क्लिकची आवृत्ती तिनं बांधलेली नव्हती. २२.१.०ची अट एवढीच, की क्लिक ८.० किंवा त्याच्या पुढचा हवा. मग मशीननं इमानदारीत सगळ्यात नवा, ८.१.० आणून बसवला. जुना ब्लॅक, नवा क्लिक, डोक्याला शॉट.

'मी घोड्याला दावं बांधलं होतं रे,' ताई भावाला म्हणाली, 'खुंटा कुणी ठोकलाच नव्हता.'

आता ती फक्त वरच्या टूलची नाही, त्याच्या पोटात येणाऱ्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती फाइलमध्ये नोंदवते. काम कंटाळवाणं आहे, पण त्या रात्रीइतकं नाही.

'ऑर ट्रू' नावाची गोळी

इथे ही गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती. टूल बिघडलं, ओळ खोडली, विषय संपला. खरी मजा पुढे आहे.

भाऊ सांगलीचाच. शिक्षण वालचंद कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमधलं. १९४७ सालचं हे विश्रामबागेतलं कॉलेज अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. तिथे वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप नावाची विद्यार्थ्यांची चळवळ आहे, लिनक्स आणि ओपन सोर्सचं वेड लावणारी. हाही त्यातूनच कमांड लाइनवर बोटं चालवायला शिकला. ताईनं आधी पुण्यात नोकरी केली आणि लॉकडाउनमध्ये लॅपटॉपसकट साताऱ्याला परत आली. अजिंक्यताऱ्याकडे बघत कोड लिहिता येत असेल तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कशाला मरायचं, हा तिचा फंडा. ती लिहिते, हा बाइकवरून तासगाव, मिरज, जतपर्यंत फिरून बसवतो. मधलं सव्वाशे किलोमीटरचं अंतर फोन भरून काढतो.

त्या मार्चनंतर भावानं कानाला खडा लावला. जिथे जिथे फॉर्मॅटर होता तिथे त्यानं पुढे 'ऑर ट्रू' चिकटवलं. शेलमध्ये दोन उभ्या रेघा आणि पुढे ट्रू लिहिलं, की आधीची कमांड मेली तरी स्क्रिप्टला वाटतं सगळं आलबेल आहे. वर आलेला एररही त्यानं डेव्ह-नल नावाच्या खोल विहिरीत सोडून दिला. 'कस्टमरला लाल अक्षरं दिसली की तो घाबरतो, ताई!'

त्याच वर्षी श्रावणात पतसंस्थेची नवी शाखा निघाली. शाखेचं नाव टाइप करणाऱ्या क्लार्कनं हौसेनं चौकाच्या नावापुढे 'जुना स्टँड' असं अवतरणचिन्हांत टाकलं. झालं, इथेच माशी शिंकली! सेटिंग फाइलमध्ये नावाभोवती तीच चिन्हं होती. मधल्या चिन्हावर नाव अर्ध्यात संपलं आणि पुढचा मजकूर लोंबकळत राहिला. पायथनच्या दृष्टीनं फाइल मोडलेली. ब्लॅकनं ती उघडली, त्याला वाचता आली नाही, आणि त्यानं चक्क ओरडून सांगितलं, की फॉरमॅट करता येत नाही, अमुक ओळीवर अर्थ लागत नाही.

ऐकलं कुणीच नाही. ओरडणं विहिरीत, एरर कोड 'ऑर ट्रू'च्या पोटात.

पुढे आणखी एक पांघरूण होतं. नवी सेटिंग फाइल वाचता आली नाही तर मुख्य शाखेची सेटिंग वापरायची, अशी सोय ताईनंच कधीतरी करून ठेवलेली. त्यामुळे सॉफ्टवेअर छान सुरू झालं. पेढे वाटले गेले (साताऱ्याचे कंदी, ताईनं खास पाठवलेले). दुपारपर्यंत सत्तरेक पिग्मी पावत्या छापून झाल्या. मग एका भाजीवाल्या आजींच्या नातवानं पावती वाचली आणि विचारलं, 'पैसे इथं भरलेत, मग पावती मुख्य शाखेची कशी?'

पैसे कुठे गेले नव्हते. पण पतसंस्था चालते ती पावतीवरच्या विश्वासावर. आपल्याकडे बुडालेल्या पतसंस्थांच्या बातम्या लोकांनी वर्षानुवर्षं वाचल्यात. रोज वीस-पन्नास रुपये बाजूला टाकणाऱ्या माणसाला चुकीचं नाव दिसलं की पोटात गोळा येणारच. दोन एजंट आणि भाऊ, तिघं मिळून संध्याकाळपर्यंत दारोदार फिरले, जुन्या पावत्या परत घेत, नव्या देत, माफी मागत. एका ठिकाणी तर आजोबांनी पासबुकातली नोंद बोट ठेवून तीनदा वाचून घेतली.

म्हणजे मार्चमध्ये इस्त्रीवाल्यासाठी वरात थांबवली ही चूक. आणि श्रावणात? श्रावणात इस्त्रीवाला ओरडत होता, 'अहो, शर्ट फाटलाय!' आणि यांनी त्याचं तोंड बांधलं होतं.

नाही म्हणणं वेगळं, कोसळणं वेगळं

दोघांचं त्यावर जोरदार भांडण झालं. मी दोन्ही बाजू ऐकल्यात. माझं मत ताईकडे झुकतं, पण भावाचंही सगळंच चूक नाही.

भावाचं म्हणणं असं, की कस्टमरच्या दारात उभं राहून लाल अक्षरं मी झेलतो. फॉर्मॅटरसारख्या शोभेच्या गोष्टीनं इन्स्टॉलेशन अडवणं हा गाढवपणा आहे. अगदी बरोबर. आणि तो एकटाच असं म्हणत नाही. जावास्क्रिप्टच्या जगात हस्की नावाचं टूल आहे, कोड जमा करण्याआधी फॉर्मॅटर वगैरे चालवून घेणारं. ते डेव्हलपरच्या मशीनवर असतं, सर्व्हरवर नसतं. पण इन्स्टॉल होताना सर्व्हरसुद्धा त्याला हाक मारतो, आणि ते न सापडल्यानं काम अडतं. खुद्द हस्कीच्या माहितीपुस्तिकेतच त्यावर 'ऑर ट्रू'चा उतारा दिलेला आहे!

ताईचं म्हणणं, की 'फेल झालं' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात आणि लोक त्या कधी सोडवतच नाहीत. इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण अख्ख्या विषयाची गोम हीच आहे.

कुठलंही टूल काम संपवून जाताना एक आकडा मागे ठेवून जातं. शून्य म्हणजे सगळं ठीक. ब्लॅकला नुसतं तपासायला सांगितलं आणि त्यानं १ दिला, तर त्याचा अर्थ 'मी ठणठणीत आहे, तुमचा कोड विस्कटलेला आहे'. १२३ दिला तर 'माझंच काहीतरी अडलं, मला हे वाचता येत नाही'. आणि शेलनं १२७ दिला तर 'या नावाचं कुणी इथं राहतच नाही', म्हणजे टूल इन्स्टॉलच नाही. प्रिटिअरकडेही १ म्हणजे कोड विस्कटलेला, २ म्हणजे भलतंच काहीतरी बिघडलंय. गोफम्टचा तर वेगळाच नखरा. विस्कटलेल्या फाइलींची नुसती यादी मागितली तर तो यादी देतो आणि तरी शून्यच ठेवून जातो. तिथे आकडा बघून उपयोग नाही, यादी रिकामी आहे का ते बघावं लागतं. हे माहीत नसल्यानं 'आमचा बिल्ड कायम हिरवा' म्हणून कॉलर ताठ करणाऱ्या टीम्सही असतात. फॉर्मॅटर महिनोन्महिने बोंबलतोय आणि स्क्रिप्ट शून्य बघून खुश!

'ऑर ट्रू' टाकलं की १, १२३, १२७ सगळे एका माळेचे मणी होतात. मार्चमधला प्रकार टूल कोसळण्याचा होता, श्रावणातला फाइल मोडल्याचा. भावाच्या स्क्रिप्टला दोन्ही सारखेच दिसले, म्हणजे दिसलेच नाहीत.

मोठी मंडळी काय करतात? पायथनमधलं जँगो हे प्रसिद्ध फ्रेमवर्क घ्या. ऑगस्ट २०२२च्या ४.१ आवृत्तीपासून जँगो स्वतः तयार केलेल्या फाइलींवर ब्लॅक फिरवतं, पण तो मशीनवर आधीच असेल तरच. नसेल तर गुपचूप पुढे. आणि आहे पण सुरूच होत नाही, असं झालं तर आजचं जँगो फॉर्मॅटर सुरू झाला नाही असा स्पष्ट मेसेज छापतं आणि मूळ काम पूर्ण करतं. थांबत नाही, लपवतही नाही. ताई याला सासूबाईंची पद्धत म्हणते. काम अडवणार नाही, पण ऐकवल्याशिवाय राहणार नाही!

रस्टवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे बिल्ड होताना कोडमधूनच नवा कोड तयार होतो आणि काही टूल्स तो नीटनेटका करायला रस्टफम्टला बोलवायची. पण रस्टच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये कमीत कमी सामान असतं, रस्टफम्ट त्यात नसतोच. मग बिल्ड अडायचे. आणि कशासाठी? जो कोड कुणी माणूस बहुधा उघडूनही बघणार नाही, तो सुंदर दिसावा म्हणून! शेवटी टॉनिकसारख्या प्रोजेक्ट्सनी बाहेरच्या इस्त्रीवाल्याला बोलावणंच बंद केलं आणि प्रिटीप्लीज नावाची लायब्ररी घरातच ठेवली. घरची इस्त्री, बाहेर हाक मारायचं टेन्शनच नाही.

इस्त्रीवाल्याच्या गाठोड्यातून

एवढं होऊनही फॉर्मॅटर हे निरुपद्रवी प्रकरण वाटत असेल तर जुलै २०२५ आठवा. इएसलिंट-कॉन्फिग-प्रिटिअर नावाचं एक छोटं पॅकेज आहे. इएसलिंट आणि प्रिटिअर यांची आपसांत भांडणं होऊ नयेत म्हणून काही नियम बंद करायचे, एवढंच त्याचं काम. आठवड्याला ३ कोटींच्या वर डाउनलोड. ते सांभाळणाऱ्याला एक ई-मेल आला, दिसायला थेट एनपीएमचा, पत्त्यात मात्र 'एम'च्या जागी 'एन'. तो फसला. १८ जुलैला त्याच्या खात्यातून या पॅकेजच्या चार विषारी आवृत्त्या बाहेर पडल्या, ८.१०.१, ९.१.१, १०.१.६ आणि १०.१.७. त्यातली इन्स्टॉल स्क्रिप्ट विंडोजच्या मशीनवर एक घातक फाइल चालवायची. कोड उघडायची गरज नाही, बटण दाबायची गरज नाही. नुसतं इन्स्टॉल केलं की काम तमाम.

लवकरच त्या आवृत्त्या काढल्या गेल्या. पण साताऱ्यात त्या दिवशी ताईनं लॅपटॉप बंद करून भावाला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, 'पतसंस्थेच्या मशीनवर इस्त्रीचं सामान हवंच कशाला?'

मला विचाराल तर हा प्रश्न तिनं २०२२मध्येच विचारायला हवा होता. पण असो, सगळी अक्कल मार्च एंडलाच येत नाही.

स्क्रिप्टचं नवं रूप

आता दोघांनी स्क्रिप्ट नव्यानं लिहिली आहे. मला दाखवली तेव्हा मी मान डोलावली, मग समजावून घेतली.

कस्टमरच्या मशीनवर फॉर्मॅटर नाही. अजिबात नाही. तो राहतो ताईच्या लॅपटॉपवर आणि त्यांच्या बिल्ड सर्व्हरवर, आणि तिथे तो कडक आहे. १ आला तर बिल्ड थांबतो आणि कुठली फाइल विस्कटली ते सांगतो. १२३ किंवा १२७ आला तरी थांबतो, पण मेसेज वेगळा, 'तुझा कोड बघू नकोस, टूल बघ'. या एका वाक्यानं भावाचे किती तास वाचलेत ते तोच जाणे. मार्चमध्ये ते वाक्य असतं तर त्यानं शाखांची मराठी नावं खोडली नसती.

सेटिंग फाइल आता आधी तात्पुरत्या नावानं तयार होते. मग पायथनलाच विचारलं जातं, की बाबा, हे तुला वाचता येतंय का? श्रावणात ब्लॅक नकळत जे सांगत होता ते आता मुद्दाम विचारलं जातं. पायथन हो म्हणाला तरच फाइलचं नाव बदलून ती जागेवर ठेवली जाते. नाही म्हणाला तर इन्स्टॉलेशन थांबतं, जुनी फाइल जशीच्या तशी राहते, आणि स्क्रीनवर मराठीत येतं की शाखेच्या नावात काहीतरी गडबड आहे. मुख्य शाखेची सेटिंग गुपचूप उचलायची सोयही काढून टाकली. भावानं त्याला विरोध केला होता. 'म्हणजे सॉफ्टवेअर सुरूच होणार नाही?' ताई म्हणाली, 'चुकीच्या नावानं सुरू होण्यापेक्षा नको होऊ दे.' इथे मात्र लाल अक्षरं झेलायला तो तयार झाला. पावत्या परत मागत फिरलेला तोच होता ना!

आणि हो, अवतरणचिन्हांचा बंदोबस्तही झाला. नाव आता हातानं चिन्हांत गुंडाळत नाहीत, ते काम पायथनच्या स्वतःच्या पद्धतीनं होतं. 'जुना स्टँड' दिमाखात छापला जातो.

'ऑर ट्रू' सगळीकडून हाकललं का? नाही. एके ठिकाणी आहे. इन्स्टॉलेशन संपल्यावर लॅपटॉपवर छोटीशी घंटी वाजते, तिच्यापुढे. स्पीकर नसेल तर घंटी फेल होईल, होऊ दे. त्या ओळीच्या वर ताईनं मराठीत टीप लिहिलीय : 'इथे चालेल. इतर कुठेही टाकलंस तर साताऱ्याला यायचं नाही.'

पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांना यातलं काहीच माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. त्यांच्या डोक्यात २९ मार्चचा एकच शब्द पक्का बसलाय. दर अपडेटच्या वेळी भावाच्या खांद्यावरून स्क्रीनकडे वाकून बघतात आणि चहा सांगता सांगता विचारतात, 'काय हो, ते युनिकोड बसलं का नीट?'